एकट्याची वाट आणि घरचा निरोप

मनुष्याने एकट्याने प्रवासास निघावे की नाही, हा प्रश्न नीतीचा नसून केवळ आवडीनिवडीचा आहे, असे प्रथमदर्शनी कोणासही वाटेल. ज्याला सोबत रुचते त्याने सोबत घ्यावी, ज्याला रुचत नाही त्याने एकटे जावे. यात धर्माधर्माचा विचार कोठून आला? परंतु ज्या गोष्टी आपण आवडीनिवडीच्या म्हणून बाजूस सारतो, त्यांतच पुष्कळदा आपल्या नीतीची खरी परीक्षा होत असते. एकटा निघणारा मनुष्य आकाशातून पडलेला नसतो. तो कोणाच्या तरी घरातून निघतो, कोणाच्या तरी हातचे खाऊन निघतो, आणि तो परत येईपर्यंत कोणीतरी त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले असते. वाट त्याची एकट्याची असली, तरी तिची काळजी एकट्याची नसते. तेव्हा एकान्ताचा अधिकार माणसाला कितपत आहे, आणि तो अधिकार बजावण्यापूर्वी मागे राहणाऱ्यांचे त्याच्याकडे काही देणे निघते की काय, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे असे आम्हांस वाटते.

तो आताच उपस्थित करण्यास कारणही तसेच घडले आहे. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कारखान्यांची जी ओळ पसरली आहे, तीत काम करणाऱ्या तरुण मंडळींमध्ये अलीकडे एक नवी हौस दिसू लागली आहे. सलग दोन-तीन दिवसांची सुटी मिळाली, की कोणी मोटार काढतो, कोणी मोटारसायकल काढतो, आणि एकटाच जुन्नरच्या, माळशेजच्या किंवा भीमाशंकरच्या डोंगराकडे निघतो. गाडी पायथ्याशी ठेवावयाची, पाठीवर पिशवी टाकावयाची आणि गड चढावयाचा. परंतु गंमत अशी, की हे एकटे प्रवासी सरळ डोंगर गाठतात असे नाही. वाटेत आळंदीस आत्या असते, राजगुरुनगरास चुलते असतात, नारायणगावास आजोळ असते. आणि त्या त्या घरी थांबल्यावाचून पुढे जाता येत नाही. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने ही अडचण मोठ्या मार्मिक शब्दांत सांगितली. तो म्हणाला, "सर, गड चढायला चार तास लागतात, पण गडाच्या पायथ्याला पोहोचायला चार घरे लागतात." त्याच्या बोलण्यात विनोद होता, तसा थोडा त्रासही होता. नातलगांच्या या भेटी म्हणजे त्याच्या मते नाक्यावर भरावयाची जकात. आता प्रश्न असा, की ही खरोखर जकात आहे, की शिदोरी आहे?

जकातीचा पक्ष अगदीच दुबळा आहे असे कोणी समजू नये. त्या पक्षाचे म्हणणे असे: मनुष्य एकान्ताकडे जातो तो नात्यांच्या गलबल्यातून काही काळ सुटावे म्हणून. वर्षभर तो कोणाचा मुलगा, कोणाचा नवरा, कोणाचा हाताखालचा नोकर असतो. दोन दिवस तरी त्याने केवळ माणूस म्हणून राहावे, यात गैर काय? अशा वेळी दर दहा कोसांवर त्याला पुन्हा पुतण्या, भाचा आणि नातू करून टाकणे म्हणजे पिंजऱ्यातून सोडलेल्या पक्ष्याच्या पायाला दोरी बांधण्यासारखे आहे. अमेरिकेतील थोरो या ग्रंथकाराचा पायी भटकण्यावरील प्रसिद्ध निबंध त्याच्या मृत्यूनंतर १८६२ मध्ये छापला गेला. खरा भटक्या कोण, याचे जे लक्षण त्याने त्यात सांगितले आहे ते मोठे कडक आहे. आईबाप, भावंडे, बायकोमुले आणि मित्र यांना पुन्हा कधी न भेटण्याची ज्याच्या मनाची तयारी झाली आहे, तोच त्याच्या मते फिरावयास निघण्यास लायक. संन्याशाच्या दीक्षेसारखीच ही अट आहे.

परंतु थोरोच्या या वचनाचे दोन भाग आहेत, आणि त्याचे भक्त बहुधा पहिलाच ध्यानात ठेवतात. आप्तांना सोडण्याबरोबरच त्याने ऋण फेडण्याची आणि मृत्युपत्र करून ठेवण्याचीही अट घातली आहे. म्हणजे देण्याघेण्याचा हिशेब उघडा टाकून पळणाऱ्याला तो भटक्या म्हणावयास तयार नाही. शिवाय त्याचे स्वतःचे आचरण पाहावे. १८४५ ते १८४७ अशी दोन वर्षे तो वॉल्डन नावाच्या तळ्याकाठी झोपडी बांधून राहिला आणि त्या एकान्ताचे वर्णन वाचून जगभरचे वाचक मोहित झाले. परंतु ती झोपडी त्याच्या कॉन्कॉर्ड गावापासून मैल-दीड मैलावर होती, आणि तो वरचेवर आपल्या आईच्या घरी जाऊन जेवत असे. काही टीकाकारांनी यावरून त्याची थट्टा केली आहे. आम्हांस तीत थट्टेचे कारण दिसत नाही. ज्याला आईच्या घरी जाऊन पुन्हा तळ्याकाठी परतता येते, त्याचा एकान्त पक्का. आईचे घर टाळूनच ज्याचा एकान्त टिकतो, त्याचा कच्चा.

आपल्याकडे गृहत्यागाच्या कथा पुष्कळ आहेत, आणि त्या नीट निरखून पाहिल्या तर त्यांत घर सोडण्यापेक्षा घर कसे सोडले यालाच अधिक महत्त्व दिलेले आढळते. सिद्धार्थ रात्री निघाला. पत्नी आणि तान्हे मूल निजलेले असता निघाला. त्याचे कार्य जगाला वंद्य झाले. तरी त्या निजलेल्या यशोधरेची आठवण अडीच हजार वर्षे झाली तरी कवींच्या मनातून जात नाही. शंकराचार्यांनी आईचा निरोप घेतला, पण कसा? नदीत पाय मगरीने धरला असता, आता संन्यासाची अनुज्ञा दे म्हणजे मगर सोडील, असे म्हणून. आई बिचारी नाही म्हणणार कशी? ही अनुज्ञा संकटाच्या बळाने मिळविलेली होती. म्हणूनच की काय, तिच्याबरोबर आचार्यांनी अंतकाळी येऊन उत्तरक्रिया करण्याचे वचन दिले, आणि संन्याशाला तो अधिकार नाही असा लोकांचा विरोध असताही ते पाळले, असे चरित्रकार सांगतात. या सर्वांहून निराळा मार्ग बृहदारण्यकातील याज्ञवल्क्याचा. तो घर सोडून जाण्यापूर्वी मैत्रेयीला हाक मारतो, आपला बेत उघड सांगतो, तिची आणि कात्यायनीची वाटणी करून देतो म्हणतो. मग मैत्रेयी त्याला अडवीत नाही, रडत नाही. ती प्रश्न विचारते. ज्या धनाने अमर होता येत नाही ते घेऊन मी काय करू, हा तिचा प्रश्न, आणि त्यातून निघालेला आत्मविद्येचा तो संवाद. याज्ञवल्क्य रात्रीचा निघून गेला असता, तर हा संवाद जगाला मिळाला नसता. निरोप घेण्यास थांबलेला मनुष्य वेळ गमावतो असे ज्यांना वाटते, त्यांनी या गोष्टीचा विचार करावा.

परंतु इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. चाकणच्या वाटेवर ज्या आळंदीत हे तरुण प्रवासी आत्याच्या घरी चहा घेण्यापुरते थांबतात, त्या आळंदीइतका या प्रश्नाचा अनुभव महाराष्ट्रातील दुसऱ्या कोणत्याही गावाच्या वाट्यास आला नसेल. आपेगावचे विठ्ठलपंत तीर्थयात्रा करीत एकटेच फिरत असता आळंदीस आले. तेथील कुलकर्णी सिधोपंत यांनी हा तरुण पाहून आपली कन्या रुक्मिणी त्यांस दिली. पुढे विठ्ठलपंतांचे मन संसारात रमेना. पत्नीच्या संमतीवाचून संन्यास घेता येत नाही, आणि पत्नी संमती देत नाही. तेव्हा ती बेसावध असता, गंगेवर स्नानास जाऊ का असे काहीसे विचारून, त्यांनी तिच्या तोंडून 'जा' एवढा शब्द काढून घेतला आणि काशीची वाट धरली, अशी कथा आहे. सांगणारे ती थोड्याफार फरकाने सांगतात. आपल्या घरांत बाहेर निघालेल्या माणसाला 'जा' म्हणत नाहीत, हे येथे ध्यानात घ्यावे. निघणारा 'येतो' म्हणतो आणि उंबऱ्याशी उभे असलेले माणूस 'ये' म्हणते. या दोन शब्दांत आपल्या समाजाने निरोपाचे सारे शास्त्र साठविले आहे. विठ्ठलपंतांनी 'ये' मिळविला नाही. फक्त 'जा' मिळविला, तोही चोरून.

त्याचा परिणाम सर्वांस ठाऊक आहे. काशीचे गुरू यात्रेच्या निमित्ताने आळंदीस आले, पिंपळाला प्रदक्षिणा घालणाऱ्या रुक्मिणीने त्यांस नमस्कार केला, त्यांनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला, आणि मग खरी हकीकत उघडकीस आली. गुरूने शिष्याला घरी परत पाठविले. पुढे संन्याशाची मुले म्हणून त्या चार भावंडांचा जो छळ झाला, आणि आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त म्हणून प्रयागास देह ठेवला असे जे सांगतात, त्याचा दोष आम्ही विठ्ठलपंतांवर टाकीत नाही. तो त्या काळच्या निष्ठुर धर्माधिकाऱ्यांचा आहे. परंतु गुरूने त्यांस परत का पाठविले, हे विसरून चालणार नाही. वैराग्य खोटे होते म्हणून नव्हे. निरोप खोटा होता म्हणून.

आता त्याच घरातील पुढची पिढी पाहा. बापाने ज्या गावाहून चोरून प्रयाण केले, त्याच गावी मुलाने शके १२१८ च्या, म्हणजे इ. स. १२९६ च्या, कार्तिक वद्य त्रयोदशीस समाधी घेतली. याहून एकट्याचे प्रयाण ते कोणते? तेथे कोणाला बरोबर जाता येत नाही. परंतु नामदेवाच्या अभंगांत त्या प्रसंगाचे जे वर्णन आहे, ते एकट्याचे नाही. आधी नामदेवाबरोबर तीर्थयात्रा झाली, मग संतमंडळी जमली, बहीणभावंडे होती, आणि निवृत्तिनाथांनी, जे वडील बंधूही होते आणि गुरूही, हात धरून धाकट्या भावाला आसनावर नेऊन बसविले. शोक झाला नाही असे नव्हे. ज्ञानी म्हणविणाऱ्या निवृत्तीलाही तो आवरला नाही, हे सांगण्यास नामदेव संकोचत नाही. परंतु त्या शोकात फसविले गेल्याचे शल्य नाही. बापाच्या जाण्याने जी जखम झाली होती, ती मुलाच्या जाण्याच्या रीतीने भरून निघाली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होईल असे आम्हांस वाटत नाही.

एवढेच नव्हे, तर या गावाने ती रीत पुढे लोकाचारात उतरविली आहे. दर वर्षी ज्येष्ठ वद्य अष्टमीस माउलींची पालखी आळंदीहून पंढरपुरास निघते. पायी चालण्याचा एवढा मोठा सोहळा जगात क्वचितच असेल. निघाली म्हणजे ती लगोलग पुण्याच्या वाटेस लागत असेल, असे परक्या माणसास वाटेल. पण तसे नाही. पहिला मुक्काम आळंदीतच असतो, आणि तो आजोळघरी. आळंदी हे माउलींच्या आईचे माहेर. तेव्हा मोठ्या प्रवासास निघालेल्या नातवाने पहिली रात्र आजोळी काढावी, हे ओघानेच आले. पुढे दिवे घाट चढून पालखी सासवडास थांबते. ते धाकट्या सोपानदेवांच्या समाधीचे गाव. पंढरी जवळ आली म्हणजे वाटेत दोघा भावांच्या पालख्यांची बंधुभेट होते, आणि ती पाहण्यास लोक तासन् तास उन्हात उभे राहतात. ज्यांनी देहाचाच संग सोडला, त्यांच्या पालखीलाही आजोळ आणि भाऊ चुकलेले नाहीत. नातलगांच्या घरी थांबत थांबत डोंगराकडे जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्याने आपली वाट या वाटेशी ताडून पाहावी. तो ज्याला जकात म्हणतो, त्याला वारकरी मुक्काम म्हणतात. आणि मुक्काम हा प्रवासातील अडथळा नसून प्रवासाचाच भाग आहे.

चाकणच्या पश्चिमेस भामचंद्राचा डोंगर आहे. देहूच्या तुकोबांनी दुष्काळात पत्नी आणि पुत्र गमावल्यावर, व्यापार बुडाल्यावर, याच डोंगरावर एकटे जाऊन पंधरा दिवस काढले असे परंपरा सांगते. त्या वेळी त्यांनी कोणाचा निरोप घेतला नव्हता. धाकटा भाऊ कान्होबा शोधीत शोधीत तेथवर पोहोचला. पुढची गोष्ट महत्त्वाची आहे. दोघे इंद्रायणीकाठी आले, आणि घरात असलेली लोकांकडील येण्याची खते तुकोबांनी नदीत बुडविण्यास काढली. पण त्यापूर्वी त्यांनी त्या खतांचे दोन भाग केले. कान्होबाचा भाग त्याच्या हाती दिला आणि स्वतःचा तेवढाच पाण्यात सोडला. वैराग्य ज्याचे त्याचे असते. दुसऱ्याचा वाटा बुडविण्याचा अधिकार त्याने मिळत नाही. आम्हांस तर वाटते की एकान्ताच्या नीतीचे सर्व सूत्र या एका वाटणीत आले आहे. आपल्या वाट्याच्या जिवाचे वाटेल ते करावे असे म्हणणाऱ्या माणसाने, त्या जिवात दुसऱ्यांचा वाटा किती आहे, हे आधी मोजून पाहावे.

गेल्या मार्गशीर्षात आम्हीही हरिश्चंद्रगडावर जाण्याचे योजिले आणि पुण्याहून मोटारीने एकटेच निघालो. आमचे वय पन्नाशीच्या पुढचे, तेव्हा आळंदीस धाकट्या बहिणीने "दादा, या वयात एकट्याने गड चढायची काय नड आहे?" असे विचारले, यात नवल नाही. चाकणपर्यंत मालमोटारींच्या रांगांतून वाट काढीत, पुढे राजगुरुनगर आणि मंचर मागे टाकून, आम्ही नारायणगावास मावशीकडे पोहोचलो. मावशीचे वय चौऱ्याऐंशी. तिने प्रकृतीचा प्रश्न केला नाही, वयाचा केला नाही. आमच्याकडे थोडा वेळ निरखून पाहून ती म्हणाली, "एकटाच निघालास? घरी कोणाशी भांडलास का रे?" आम्ही नाही म्हणून सांगितले. "मग ठीक," ती म्हणाली. "भांडून गेलेला माणूस डोंगरावर जाऊनही भांडतच बसतो." एवढे बोलून ती आत गेली आणि बाजरीच्या दोन भाकऱ्या, लसणाची चटणी आणि गुळाचा खडा फडक्यात बांधून घेऊन आली. जुन्या माणसांना एकट्याचा प्रवास कळत नाही, असे आपण म्हणतो. वस्तुतः त्यांना त्यातील नेमका धोका कळतो. कडा निसरडा आहे की नाही हे त्यांना ठाऊक नसेल. परंतु निघालेल्या माणसाचे मन कोठे निसरडे झाले आहे, ते त्या एका दृष्टिक्षेपात ओळखतात.

आळेफाट्याहून ओतूर, तेथून खुबीफाटा आणि खिरेश्वर. खिरेश्वरच्या ज्या घरी गाडी ठेवली, त्यांस आम्ही कोणत्या वाटेने चढणार आणि दुसऱ्या दिवशी केव्हा उतरणार हे सांगून ठेवले. डोंगरात जाणाऱ्याचा हाही एक निरोपच असतो, आणि चुकलेल्याला शोधण्यास ज्यांना रात्रीबेरात्री कडे उतरावे लागतात, त्यांचा तो हक्क आहे. टोलार खिंडीतून वर जाऊन देवळाशी पोहोचेपर्यंत दिवस कलला होता. त्या रात्री गडावर आम्हांस जो एकान्त लाभला, त्याचे वर्णन करण्याचे हे स्थळ नव्हे. एवढेच नमूद करितो, की मावशीची भाकरी खाताना तो एकान्त भंगला असे वाटले नाही. उलट मागचे कोणतेही दार उघडे राहिलेले नाही या जाणिवेने मन स्वस्थ होते आणि म्हणूनच समोरचे आकाश त्याला दिसत होते. याच गडाशी चांगदेवाचे नाव जोडलेले आहे. योगबळाने चौदाशे वर्षे जगलेला हा योगी शेवटी आळंदीच्या त्या चार अनाथ भावंडांपुढे नम्र झाला आणि त्यांतील सर्वांत धाकट्या मुक्ताबाईला त्याने गुरू केले, अशी कथा आहे. तिच्यातील वर्षांचा हिशेब ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे लावावा. एवढ्या दीर्घ एकान्ताने जे दिले नाही, ते एका लहान मुलीने दिले, असे आपल्या पूर्वजांस सांगावेसे वाटले, हेच त्या कथेचे मर्म होय.

येथे एक जबरदस्त आक्षेप उभा राहतो, आणि त्याला उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. आक्षेप असा, की पुरुष निघाला म्हणजे तो निरोप घेतो. स्त्री निघाली म्हणजे तिला परवानगी मागावी लागते. आमच्या विद्यार्थ्याला वाटेवरच्या चार घरांत चहा मिळतो. त्याच्या बहिणीने तशीच मोटार काढली, तर त्याच चार घरांत चार पंच बसतील. ही तक्रार खरी आहे. म्हणूनच निरोप आणि परवानगी यांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. परवानगीत एकाचा हक्क दुसऱ्याच्या हाती असतो. 'नाही' म्हटले म्हणजे जाणे थांबते. निरोपात जाणे आधीच ठरलेले असते. मागणे असते ते एवढेच, की माझ्या जाण्यात तुझे मन सामील असावे. विठ्ठलपंतांस जी लबाडी करावी लागली, तिचे मूळ हेच होते, की शास्त्राने निरोपाची परवानगी करून टाकली होती. जेथे दार बाहेरून लावलेले असते, तेथे खिडकी फोडणारे निपजतात. तेव्हा ज्या कुटुंबाला आपली मुलगी न सांगता निघून जाऊ नये असे वाटते, त्याने आधी 'नाही' म्हणण्याचा आपला हक्क सोडला पाहिजे. तसेच, ज्या घराने केवळ छळच केला, त्या घराच्या उंबऱ्याशी निरोपासाठी थांबावे असेही आम्ही म्हणत नाही. निरोपाचा हक्क रक्ताने उत्पन्न होत नाही. तो काळजी वाहण्याने उत्पन्न होतो.

म्हणजे येथे कर्तव्य दोन बाजूंचे आहे. आपल्या भाषेत निरोप एक जण घेतो आणि दुसरा देतो. दोघांपैकी एकाने हात आखडता घेतला, तर तो पुरा होत नाही. निघणाऱ्याचे कर्तव्य उघड निघण्याचे. राहणाऱ्याचे कर्तव्य मन मोठे करून 'ये' म्हणण्याचे. हे दुसरे कर्तव्य पहिल्यापेक्षा अवघड आहे, कारण निघणाऱ्यापुढे डोंगर असतो आणि राहणाऱ्यापुढे फक्त घड्याळ असते. परंतु राहणाऱ्यालाही एक अधिकार आहे, आणि तोही आळंदीच्याच घरात दिसतो. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले, तेव्हा मुक्ताबाईने बाहेर उभे राहून ती उघडण्याविषयी विनविले. ताटीचे अभंग म्हणून ते प्रसिद्ध आहेत. समाधीस निघालेल्या भावाला तिने अडविले नाही, आणि रुसून बसलेल्या भावाला एकटे सोडले नाही. कोणता एकान्त शांतीचा आणि कोणता दुःखाचा, हे ओळखून एकाला वाट द्यावी आणि दुसऱ्याच्या दारावर थाप मारावी, एवढा विवेक आप्तांना असला, तर त्यांच्या प्रेमाची बेडी होणार नाही.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख करून हा लेख पुरा करितो. 'निरोप' या शब्दाचे आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत; एक संदेश आणि दुसरा रजा घेणे. मोबाइल आल्यापासून पहिला निरोप इतका सुलभ झाला आहे, की दुसऱ्याची गरजच उरली नाही असा भ्रम उत्पन्न होतो. "निघालो", "पोहोचलो", असे चार शब्द पाठविले, छायाचित्र पाठविले, की काम झाले. ती सोय वाईट नाही. तिने कित्येकांची चिंता दूर होते. परंतु संदेशात पाहण्याची सोय नाही. आत्याच्या हाताला येऊ लागलेला कंप, मावशीच्या डोळ्यांत वाढलेला पडदा, चुलत्याच्या घरातील एक खाट रिकामी झालेली, या गोष्टी उंबरा ओलांडल्यावाचून दिसत नाहीत. परत येईन असे निघणारा म्हणतो खरे. पण तो परत येईल तेव्हा 'ये' म्हणणारे माणूस तेथे असेलच, असे कोणी सांगावे? डोंगराचा धोका आपण मोजतो, कारण तो आपल्या वाट्याचा आहे. घरी बसलेल्या वृद्धाच्या आयुष्याचा कडा त्याहून जवळ आलेला असतो, आणि तो आपल्या नकाशात दाखविलेला नसतो.

तात्पर्य, एकान्त हा माणसाचा खरा हक्क आहे. तो मागावा लागू नये आणि कोणी नाकारू नये. परंतु तो चोरून घेतला म्हणजे पलायन होतो, आणि सांगून घेतला म्हणजे प्रवास होतो. डोंगर दोघांनाही सारखाच दिसतो. फरक एवढाच, की पलायन करणाऱ्याला उतरावे कोठे, हे ठाऊक नसते.